फेटा, चष्मा आणि आठकोनी डबा : गंगाखेडकडच्या एका स्टुडिओचे प्रकरण

परभणी जिल्ह्यात गंगाखेडच्या बाजूला एका बाजारगावात हा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, शाळांची ओळखपत्रे आणि लग्नसराईच्या ऑर्डरी यांवर चालतो. तात्यांनी सुरू केला, आता त्यांचा मुलगा बघतो. गावातल्या एका ज्येष्ठ वारकरी कीर्तनकारांची पंचाहत्तरी होती. सोहळा समितीला महाराजांचा एकच फोटो दोन ठिकाणी लावायचा होता : गौरव अंकाच्या मुखपृष्ठावर आणि वेशीवरच्या फ्लेक्सवर. मुलाने नुकताच १२० सेंटीमीटरचा आठकोनी सॉफ्टबॉक्स घेतलेला, म्हणजे फ्लॅशवर बसवायचा कापडी डबा, पुढे पांढरे कापड आणि आत आणखी एक पडदा. त्यामुळे हे काम त्याने हौसेने अंगावर घेतले. फोटो काढले, आणि समितीने ते परत पाठवले.

कारणे सांगितली ती अशी. "महाराज एवढे गोरे कामून दिसायलेत?" "चष्म्यात डोळेच दिसंनात." तिसरे कारण कुणालाच नीट सांगता येईना, एक जण म्हणाला, "बाबा हैत, पण बाबा वाटंनात." तात्यांचे निदान तयारच होते. "दोन छत्र्या होत्या तवा ही बोंब नव्हती. डबा परत कर." छत्र्या म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवायला लावतात त्या, आणि डबा म्हणजे सॉफ्टबॉक्स. मुलाने मला फोन केला तो यानंतर.

मी आधी मूळ फाइल मागवली. दुरुस्त केलेली नको, कॅमेऱ्यातून आली तशी. फोटो मोठा करून चष्म्यावर नेला आणि तिथेच निम्मे प्रकरण उलगडले. दोन्ही काचांत एकेक आठकोनी पांढरा डाग होता आणि त्या डागाच्या मधोमध आणखी भडक ठिपका. फोटोत चष्मा चमकला की आपण वैतागतो, पण त्या चमकेत लाइटचा पूर्ण पंचनामा असतो. डाग लहान होता, म्हणजे सॉफ्टबॉक्स बराच लांब उभा होता. मधला ठिपका भडक होता, म्हणजे आतला पडदा काढून टाकलेला होता. मुलाला विचारले तेव्हा तो जरा गोंधळला. "सर, तुम्हाला कसं कळलं? तो कपाटात आहे."

पडदा का काढला, तर उजेड पुरत नव्हता. उजेड का पुरत नव्हता, तर सॉफ्टबॉक्स कॅमेऱ्यामागच्या कोपऱ्यात, महाराजांपासून अडीच मीटरवर उभा होता. तिथे का, तर छत्री तिथेच उभी असायची. फरशीवर तात्यांच्या जुन्या स्टँडच्या पायांचे डागसुद्धा आहेत. ३०० वॉट-सेकंदांचा फ्लॅश फुल पॉवरवर चालवावा लागत होता. दुपारी गावात व्होल्टेज पडले की तो भरायला वेळ घ्यायचा. मग मुलगा घाई करायचा, फ्लॅश पुरता भरण्याआधीच बटण दाबायचा आणि एक फ्रेम उजळ, एक काळपट असे व्हायचे. समितीच्या तक्रारी आणि मुलाच्या स्वतःच्या अडचणी मोजायला बसले तर यादी लांब होती, पण माझ्या मते ती सगळी एका अंतराची पिलावळ होती.

सॉफ्टबॉक्स घेणाऱ्यांचा एक समज मी सगळीकडे पाहतो, संभाजीनगरातही : पांढरे कापड लावले की उजेड मऊ होतो. उजेड मऊ होतो तो उगम मोठा असल्यामुळे, आणि मोठा म्हणजे चेहऱ्याच्या जागेवरून पाहताना मोठा. सूर्य अवाढव्य आहे, पण आपल्याला तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून वैशाखातल्या दुपारी सावलीची कड सुरीसारखी पडते. १२० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स अडीच मीटरवरून साधारण २७ अंशांचा दिसतो. तोच १.२ मीटरवर आणला तर ५३ अंशांचा. म्हणजे मुलाने १२० सेंटीमीटरचे पैसे मोजले होते आणि वापरत होता जवळपास ६० सेंटीमीटरचा. आतला पडदा काढल्यावर तेवढाही उरला नव्हता. कापडाच्या मधल्या भागातूनच बहुतेक उजेड येत होता आणि कडा नुसत्या नावाला होत्या.

जवळ आणण्याचा दुसरा फायदा हिशेबाचा. अंतर निम्मे झाले की उजेड चौपट, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). हा नियम बारीक उगमाचा. एवढा मोठा डबा एवढ्या जवळ असताना तो तंतोतंत लागत नाही, पण अंदाजाला चालतो. त्या दोन स्टॉपमधून आतल्या पडद्याने खाल्लेला उजेड वजा केला तरी फुल पॉवरची गरज संपते.

स्टुडिओची खोली १० बाय १६ फुटांची, उंची ९ फूट, वर मधोमध पंखा. भिंती पोपटी. पोर्ट्रेट काढणाऱ्याला पोपटी भिंतीसारखा दुष्मन नाही. लांब ठेवलेल्या सॉफ्टबॉक्सचा उजेड चेहऱ्यावर पडायचा तेवढा पडे, उरलेला भिंतींवर जाऊन पोपटी होऊन परत येई आणि महाराजांच्या गालाच्या सावलीत बसे. मुलगा तो हिरवट रंग मारायला फोटोशॉपमध्ये लाल वाढवायचा, मग चेहरा तांबूस व्हायचा, मग तो उजळायचा. "महाराज गोरे" झाले ते या वाटेने. त्याचा हेतू वाईट नव्हता. मात्र आपल्याकडच्या स्टुडिओंत गिऱ्हाइकाला न विचारता चेहरा दोन छटा उजळ करून द्यायची जी रीत पडली आहे ती मला अजिबात पसंत नाही, आणि पंचाहत्तर वर्षांच्या माणसाच्या बाबतीत तर ती सरळ उद्धटपणा आहे.

फोटो पुन्हा काढायचे ठरले, मी स्टुडिओत गेलो आणि महाराज दुपारी आले. काळासावळा रापलेला चेहरा, कपाळावर गोपीचंदन आणि त्याखाली बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, पांढरा सदरा, उपरणे, पांढरा फेटा. चष्म्याची काच जाड आणि बाहेरून फुगीर. हातात टाळ, आणि टाळ फोटोत हवाच असा त्यांचा आग्रह. बसल्या बसल्या म्हणाले, "तात्या, मागल्या वेळी लई वेळ बसिवलं तुमच्या पोरानं. आज कीर्तन हाय रात्री." तात्यांनी माझ्याकडे बघितले. त्या नजरेत डबा परत करायची गोष्ट अजून शिल्लक होती.

सुरुवातीला फ्लॅश बंद ठेवून एक फ्रेम घेतली : एफ/८, आयएसओ १००, १/१२५ सेकंद. पूर्ण काळी आली. म्हणजे खोलीतल्या ट्यूबलाइटचा काही संबंध नव्हता. जे दिसणार ते फ्लॅशचे आणि फ्लॅशमुळे भिंतींवरून येणारे. ही एक फ्रेम घ्यायला काही लागत नाही आणि भांडण निम्मे मिटते.

मग आतला पडदा कपाटातून निघाला. घडी घालून ठेवल्याने चुरगळला होता, त्याने काही बिघडत नाही. बाहेरच्या कापडावर धूळ बसली होती ती झटकली. धूळ आणि जुनाट पिवळेपणा उजेडाला गरम झाक देतात, आणि ती झाक रंग दुरुस्त करताना भिंतीच्या हिरव्यात मिसळली की काही सुचत नाही. सॉफ्टबॉक्स महाराजांच्या डाव्या हाताला, कॅमेऱ्याच्या रेषेपासून पंचेचाळीस अंशांवर, १.२ मीटरवर आणला. अंतर टेपने मोजत बसण्यापेक्षा स्टँडला १.२ मीटरची सुतळी बांधून टाकली. गिऱ्हाईक बसले की सुतळीचे टोक हनुवटीपर्यंत न्यायचे, झाले. उजव्या हाताच्या पोपटी भिंतीसमोर मांडववाल्याचा काळा पडदा टांगला. सॉफ्टबॉक्सला जाळीदार ग्रिड असती तर उजेड भिंतीवर जाणे बरेचसे थांबले असते, पण ती नव्हती, आणि पडदा शेजारी पन्नास पावलांवर मिळत होता.

काळ्या पडद्याने दोन कामे झाली. हिरवा रंग गेला आणि उजव्या गालाला सावली आली. तात्यांना ही सावली खटकली. "अर्धं तोंड काळं होईल," म्हणाले. त्यांच्या धंद्याची सगळी वर्षे दोन्ही बाजूंनी सारख्या छत्र्या लावण्यात गेली होती, तिथे सावली म्हणजे चूक. मी त्यांना महाराजांचे उपरणे दाखवले. मांडीपासून गळ्यापर्यंत पसरलेले ते पांढरे कापड वरून पडणारा उजेड खालून हनुवटीवर आणि सावलीतल्या गालावर परत पाठवत होते. थर्माकोल लावायची गरजच पडली नाही. गडद साडीतल्या बाई बसल्या असत्या तर थर्माकोल लागला असता. पांढऱ्या धोतर-सदऱ्यातला माणूस आपला रिफ्लेक्टर आपणच घेऊन येतो.

चेहरा सुटला. आता खरा पेच आला, आणि या प्रकरणात सांगण्यासारखे जे आहे ते इथेच आहे.

फेटा म्हणत होता लाइट खाली घ्या, चष्मा म्हणत होता वर घ्या.

पांढऱ्या मलमलीत आणि रापलेल्या त्वचेत तीन स्टॉपच्या आसपास फरक असतो. दोघांवर सारखाच उजेड पडला तरी चेहरा नीट आणायला गेले की फेटा जळण्याच्या, म्हणजे नुसता पांढरा होऊन कापडाचे बारकावे जाण्याच्या, काठावर येतो. त्यात सॉफ्टबॉक्स जवळ आणि उंच ठेवला की चेहऱ्यापेक्षा फेटा लाइटला जास्त जवळ, म्हणजे आणखी उजेड. १.२ मीटरवर वीतभर अंतरसुद्धा जाणवते. सॉफ्टबॉक्स खाली घेतला तर फेटा वाचतो, पण मग तो चष्म्याच्या काचेत शिरतो. काच आरशासारखी वागते : उजेड ज्या कोनात आला त्याच कोनात परत. काच सपाट असती तर थोडे सरकून सुटका झाली असती. फुगीर काच मात्र पुष्कळ मोठ्या टापूतले सगळे गोळा करून कॅमेऱ्याकडे पाठवते. आणि आपण नुकताच डबा जवळ आणून तो टापू भरून टाकला होता. सॉफ्टबॉक्स लांब होता तेव्हा काचेत लहान डाग होता, आता डोळ्यावर पडदाच पडला.

मुलाने सुचवले, चष्मा काढून फोटो घेऊ. महाराज हसले. "चष्म्याबिगर मला माझीच माणसं वळखू येत न्हाईत. लोक मला कसं वळखायचे?" काचा काढून नुसती फ्रेम घालायची युक्ती सगळ्या स्टुडिओंत चालते, पण जाड भिंगामागे डोळे मोठे दिसतात, आणि गावाच्या ओळखीचे डोळे तेच मोठे डोळे. त्यामुळे काचा राहणार हे ठरले.

आधी चष्मा सोडवला. सॉफ्टबॉक्स वर नेला, मध्य साधारण १.९ मीटरवर आणि तोंड खाली झुकवलेले. त्याच्या वर नेता आला नाही, कारण पंखा. मग महाराजांच्या कानामागे हात घालून चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित वर उचलल्या, इतक्या की समोरून कळू नये. काच थोडी खाली झुकली. आरसा जितका फिरतो त्याच्या दुप्पट त्यातला उजेड फिरतो, म्हणून काच पाच अंश झुकली तर तिच्यावरून परतणारा उजेड दहा अंश खाली जातो. एवढ्याने चमक काचेच्या वरच्या कडेला सरकली. उरलेली घालवायला मान वळवली. इथे नवीन माणूस हमखास उलटे करतो : चेहरा लाइटकडे वळवतो, कारण तसा तो सुंदर उजळतो. चष्म्यासाठी चेहरा लाइटपासून जरासा दूर वळवायचा. गालाचा उजळ भाग कॅमेऱ्याकडे जास्त येतो, चेहरा थोडा रुंद दिसतो, पण महाराजांच्या उतरलेल्या गालांना ते मानवले. काचेच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक पांढरी कोर राहिली. ती मी राहू दिली. काच आहे हे कळायला तेवढी हवीच. साफ पुसलेल्या चष्म्याचे फोटो मला दुकानातल्या नमुना फ्रेमसारखे वाटतात.

आता लाइट उंच गेल्यामुळे फेटा पेटला. त्याला उपाय म्हणजे उजेड अडवणे. काळ्या कार्डशीटची हातभर लांब, वीतभर रुंद पट्टी कापली, ती दुसऱ्या स्टँडच्या आडव्या दांडीला क्लिपने लावली आणि सॉफ्टबॉक्स व फेटा यांच्या मध्ये आणली. ती कुठे धरायची यातच सगळे आहे. फेट्याच्या अगदी जवळ धरली तर फेट्यावर सावलीची रेघ दिसते. सॉफ्टबॉक्सला चिकटवली तर तिचा परिणाम पसरून जवळजवळ नाहीसा होतो, सगळाच उजेड थोडा कमी होतो इतकेच. मधोमध धरल्यावर सावलीची कड विरघळली : फेट्याच्या माथ्यावर उजेड साधारण एक स्टॉप उतरला, कपाळापाशी येईपर्यंत पूर्ण झाला. मुलगा पट्टी धरून इंच इंच हलवत होता आणि मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फेटा मोठा करून बघत होतो. एका जागी मलमलीचे पीळ दिसायला लागले, एकावर एक, प्रत्येकाची आपली बारीक सावली. तात्या उठून पडद्याजवळ आले. "आता कापड दिसायलंय," एवढेच बोलले.

तात्यांना मी सांगितले की हे काही नवे नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा राजा दीनदयाळ सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार होते. त्या काळच्या स्टुडिओंत काचेच्या छतातून दिवसाचा उजेड घेत आणि पडदे ओढून तो कुठे जाऊ द्यायचा, कुठे नाही, हे ठरवत. सॉफ्टबॉक्सवाल्या स्टुडिओतही काळे कापड आणि पुठ्ठे तितकेच लागतात, फक्त दुकानदार ते विकत नाही.

कपाळावरचा घाम हा छोटा प्रश्न होता. सॉफ्टबॉक्सच्या आतला १५० वॉटचा मॉडेलिंग दिवा तापतो, परभणीकडच्या उन्हाळ्यात बंद खोलीत तो बघण्यापुरताच लावावा. कूलर चालू ठेवला तर सॉफ्टबॉक्स आणि पट्टी दोन्ही हलतात, म्हणून फ्रेम घेताना तेवढा बंद. पावडर लावायला मी मनाई केली. काळ्यासावळ्या त्वचेवर ती राखेसारखी दिसते आणि बुक्काही फासला जातो. कोरड्या पंचाने टिपले. मोठ्या, जवळच्या लाइटमध्ये घामाची चमक तशीही नरम पडते, कारण ती एका ठिपक्यात एकवटण्याऐवजी पसरते. कपाळाची थोडी ओलसर झाक राहिली ती छानच दिसली.

टाळ मात्र हट्टी निघाले. पितळ चकचकीत घासलेले, आणि त्यात सॉफ्टबॉक्स, पोपटी भिंत, काळा पडदा, मुलगा आणि मी, सगळे दिसत होतो. पितळेला स्वतःचा उजेड असा नसतोच, भोवती जे आहे तेच ते दाखवते. टाळ थोडे फिरवून त्यांचा पसरट भाग सॉफ्टबॉक्सकडे केला, तेव्हा तिथे पिवळसर उजळ पट्टा आला आणि दुसऱ्या कडेला काळा पडदा उमटून गोलाई दिसायला लागली. डाव्या बाजूच्या भिंतीचा हिरवा तुकडा उरला होता, त्यासमोर मुलाने स्वतःचे काळे जाकीट टांगले.

मागचा पडदा साधा करडा घेतला. स्टुडिओत महालाच्या जिन्याचा आणि मंदिराच्या कमानीचा असे दोन रंगीत पडदे होते. समितीला कमान हवी होती, महाराजांना काहीच नको होते. जुना ६० बाय ९० चा सॉफ्टबॉक्स दुसऱ्या फ्लॅशवर लावून, अगदी कमी पॉवरवर, खुर्चीच्या मागून करड्या पडद्यावर टाकला. महाराजांचा सावलीकडचा कान आणि खांदा त्यामुळे पार्श्वभूमीतून सुटला. मुख्य फ्लॅश आता निम्म्याहून कमी पॉवरवर होता, लगेच भरत होता, आणि पुढच्या सगळ्या फ्रेम एकसारख्या उजळ आल्या. महाराज अभंग गुणगुणत बसले. ओठ हलत असलेली एक फ्रेम शेवटी समितीने निवडली.

फाइली दोन केल्या. अंकाची वेगळी, फ्लेक्सची वेगळी. फ्लेक्सवर गडद छटा बुडतात, त्यामुळे त्या फाइलमध्ये सावल्या थोड्या उचलल्या, फेट्याला हात लावला नाही. तरी फ्लेक्सवाल्याने आपल्या परीने उजळवलाच. वेशीवर फेटा जरा जास्त पांढरा दिसला, चेहरा मात्र बाबांचाच होता, कारण सावली फाइलमध्येच बसलेली होती आणि एका झटक्यात ती पुसता येत नाही. अंकाचे मुखपृष्ठ उत्तम छापून आले.

त्याच दुपारी महाराजांच्या घरच्यांनी सगळ्यांचा एकत्र फोटो मागितला आणि मुलाने उत्साहात सुतळी पुन्हा ताणली. तिथे थांबवावे लागले. सात माणसे एका ओळीत, सॉफ्टबॉक्स एका टोकापासून १.२ मीटरवर, तर दुसऱ्या टोकाचा माणूस तीन मीटरवर. दोघांत अडीच स्टॉपचा फरक. जवळची सून पांढरीफटक आणि पलीकडचा नातू अंधारात. माणसे दोन रांगांत घेतली, डबा मागे कॅमेऱ्याच्या बाजूला, तात्यांच्या त्याच जुन्या डागांवर नेला आणि त्याचा मध्य जवळच्या माणसाऐवजी सगळ्यात लांबच्या माणसाकडे वळवला, म्हणजे जवळच्यांना फक्त कडेचा उजेड मिळाला. फ्लॅश पुन्हा फुल पॉवरवर गेला. प्रत्येक फ्रेमनंतर तो पुरता भरेपर्यंत थांबायचे, ही ताकीद या वेळी तात्यांनीच मुलाला दिली.